उपासनागीतांची निवड : एक अलक्षित समीक्षाव्यवहार

कोणत्याही ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेपूर्वी तीन-चार गीतांचे क्रमांक ठरवले जातात. हे काम कधी पाळक करतात, कधी गायनप्रमुख. ते बहुधा घाईने होते आणि त्याकडे व्यवस्थेचा एक भाग म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः हा मूल्यनिर्णय असतो. शेकडो संहितांमधून काही संहिता निवडणे, त्यांतली काही कडवी गाळणे, त्यांना एखादी चाल देणे आणि मग त्या समूहाच्या मुखी घालणे, या सर्व कृती समीक्षेच्या कक्षेत येतात. फरक इतकाच, की साहित्यसमीक्षक आपल्या निर्णयाची कारणे देतो आणि गीते निवडणारा ती सहसा देत नाही. साहित्यसमीक्षकाचा निर्णय वाचकाने नाकारला तरी फारसे काही बिघडत नाही. निवडलेले गीत मात्र उपस्थितांना उभे राहून, स्वतःच्या आवाजात, प्रथमपुरुषी म्हणावे लागते.

या शेवटच्या मुद्द्यात उपासनागीताचे वाङ्मयीन वेगळेपण आहे. भावकवितेतील ‘मी’ वाचक समजून घेतो, उपासनागीतातील ‘मी’ त्याला व्हावे लागते. तेव्हा अशा गीताची निवड ही उद्याच्या उच्चारकर्त्याच्या वतीने केलेली निवड असते. तिचे निकष कोणते, ते परस्परांशी कसे झगडतात, आणि मराठी समीक्षेने या व्यवहाराकडे पाठ फिरवल्यामुळे तिचे स्वतःचे काय नुकसान झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

निवडीच्या निकषांना इतिहास आहे. सोळाव्या शतकात ल्यूथरने मंडळीला मातृभाषेत गायला लावले आणि त्यासाठी नव्या रचनांना दार उघडले. कॅल्व्हिनच्या परंपरेने मात्र मंडळीच्या मुखी मुख्यतः बायबलमधील स्तोत्रेच असावीत असा निर्बंध घातला. १५६२मध्ये पूर्ण झालेला जिनिव्हाचा छंदोबद्ध स्तोत्रसंग्रह हे त्या निर्बंधाचे फळ. येथे निवडीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, कारण संहिता आधीच पवित्र ठरलेली असते. प्रश्न उरतो तो फक्त छंदाचा आणि चालीचा.

हा निर्बंध इंग्रजीत सैल केला आयझॅक वॉट्सने. १७०७चा त्याचा गीतसंग्रह आणि १७१९चे स्तोत्रांचे ख्रिस्ती रूपांतर यांमागील भूमिका अशी, की दावीदाचे शब्द गाणारी मंडळी दावीदाच्या काळातील नाही, म्हणून तिला स्वतःच्या श्रद्धेचे शब्द मिळाले पाहिजेत. या एका पावलाने निवडीचा खरा प्रश्न जन्माला आला. नवी रचना चालणार असेल, तर कोणती चालणार नाही हे कोणीतरी ठरवावयास हवे.

जॉन वेस्लीने १७८०च्या आपल्या संग्रहात ५२५ गीते घेतली आणि त्यांची मांडणी भक्ताच्या अनुभवाच्या टप्प्यांनुसार केली : पश्चात्ताप, विश्वास, संघर्ष, पावित्र्य. उलट १८६१च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या अँग्लिकन संग्रहाची मांडणी उपासनावर्षाच्या क्रमाने आहे : आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. या केवळ दोन अनुक्रमणिका नव्हेत. पहिली गीताचा अर्थ गाणाऱ्याच्या अंतःकरणात शोधते, दुसरी तो मंडळीच्या सामुदायिक कालगणनेत शोधते. आजही निवड करणाऱ्यासमोर हेच दोन ध्रुव असतात. १९९२मध्ये सिद्ध झालेली तीन वर्षांची सामायिक पाठावली वापरणाऱ्या मंडळ्यांत त्या दिवसाचा शास्त्रपाठ गीत सुचवतो, इतरत्र मंडळीची मनोवस्था किंवा प्रवचनाचा विषय. पहिल्या पद्धतीत न आवडणारी, अवघड गीतेही वर्षातून एकदा तरी भेटतात. दुसऱ्या पद्धतीत आवडती पंचवीस-तीस गीते फिरत राहतात आणि उरलेला संग्रह हळूहळू मुका होतो.

वेस्लीच्या संग्रहातील एक अनुपस्थिती येथे बोलकी आहे. त्याचा बंधू चार्ल्स याचे ‘जीझस, लव्हर ऑफ माय सोल’ हे अतिशय प्रसिद्ध गीत १७८०च्या संग्रहात नव्हते. त्यातील निकट प्रेमभावाची भाषा जॉनला सार्वजनिक उपासनेसाठी अनुचित वाटली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे ते गीत संग्रहात आले आणि इंग्रजी भाषक मंडळ्यांनी ते उरापोटाशी धरले. संपादकाचा निर्णय मंडळीने फिरवला, असेच म्हणावे लागेल. उपासनागीताच्या अभिग्रहणात अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे तेव्हापासून खुला आहे.

२

मराठीत आल्यावर या प्रश्नाला एक नवे परिमाण लाभले. येथे निवड केवळ गीतागीतांत नव्हती, ती दोन छंदःशास्त्रांत होती.

अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबईतील कार्याला १८१३मध्ये प्रारंभ झाला. प्रारंभीची गीते साहजिकच इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे होती. इंग्रजी उपासनागीताची बैठक बव्हंशी लघु-गुरूसदृश आघातावर आहे. पहिले अक्षर आघातहीन, दुसरे आघातयुक्त, आणि चरणांची अक्षरसंख्या आठ-सहा-आठ-सहा अशी ठरलेली. या छंदात इंग्रजी भाषा सहज बसते, याचे कारण तिच्या व्याकरणात आहे. उपपदे आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी येतात. ती आघातहीन असतात, आणि चरणारंभीचे दुर्बल स्थान ती आपोआप भरून काढतात. मराठीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. येथे उपपद नाही आणि विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे लागतात. त्यामुळे चरणारंभीच्या दुर्बल जागी एकतर नामाचे पहिलेच अक्षर पडते आणि चाल त्याला ठेच लावते, किंवा भाषांतरकार तेथे ‘हा’, ‘तो’, ‘रे’ अशी भरतीची अक्षरे घालतो. जुन्या भाषांतरित गीतांत जाणवणारा अवघडलेपणा केवळ भाषांतरकाराच्या अल्प मराठीमुळे आलेला नाही. तो दोन भाषांच्या वाक्यरचनेतील विरोधातून आलेला आहे.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. इंग्रजी चालीत एका स्वराला एक अक्षर असा सर्वसाधारण नियम असतो. दीर्घ स्वरावर ऱ्हस्व अक्षर आले, की मराठी कानाला अर्थच बदलल्याचा भास होतो. लांबवलेला ‘दिन’ आणि ‘दीन’ गाण्यात एकच होतात. कागदावर निर्दोष असलेली ओळ मंडळीच्या मुखी संदिग्ध होते. हा दोष वाचणाऱ्याला दिसत नाही, गाणाऱ्यालाच सापडतो. म्हणून उपासनागीताची निवड मुद्रित संहितेवरून करणे ही पहिली पद्धतिगत चूक होय.

या पार्श्वभूमीवर अभंगाचे सामर्थ्य ध्यानात येते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाति आणि छंद असे जे त्रिविध वर्गीकरण केले, त्यात ओवी-अभंग छंदाच्या वर्गात येतात. येथे अक्षरांची संख्या महत्त्वाची आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार सारख्याच वजनाने होतो. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूचा काच नाही आणि आघाताची सक्ती नाही. शब्दान्तीचा ‘अ’ पूर्ण उच्चारण्याची सवय कानाला शतकानुशतके लागलेली आहे. निरक्षर समूहाला टाळाच्या ठेक्यावर एकत्र म्हणता यावा असाच हा छंद आहे. सामूहिक उच्चार ही अभंगाची नंतर सापडलेली उपयुक्तता नव्हे, ती त्याच्या घडणीतच आहे.

हे सर्वप्रथम ओळखणाऱ्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांची गणना करावी लागेल. १६१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी त्यांनी ओवी निवडली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मंडळीसमोर वाचण्या-गाण्यासाठी सिद्ध केला. प्रॉटेस्टंट परंपरेत अहमदनगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एतद्देशीय चालींवर पदे रचली आणि कीर्तन हा प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणला. त्यानंतर, १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या वाटेला कवीची प्रतिभा घेऊन आले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. छंदाच्या दृष्टीने तर हे विधान रूपक राहत नाही, ते अक्षरशः खरे ठरते.

३

छंदाहून खोल असा एक रचनाभेद आहे आणि निवडीच्या व्यवहारात त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. पाश्चात्त्य उपासनागीत कडव्याकडव्याने पुढे जाते. त्याचे स्वरूप युक्तिवादासारखे असते : सृष्टी, पतन, तारण, आशा, किंवा पिता, पुत्र, पवित्र आत्मा. प्रत्येक कडवे मागच्यावर उभे असते. मराठी पदात ध्रुवपद असते. प्रत्येक अंतऱ्यानंतर गाणारा मूळ ओळीकडे परततो, आणि दरवेळी ती ओळ थोडी अधिक अर्थ घेऊन येते. पहिल्या रचनेचा मार्ग सरळ रेषेचा आहे, दुसऱ्या रचनेचा प्रदक्षिणेचा.

वेळ थोडा असला म्हणजे ‘पहिले, दुसरे आणि शेवटचे कडवे’ गाण्याची सूचना होते. पदाच्या बाबतीत ही काटछाट फारसे नुकसान करीत नाही, कारण ध्रुवपद केंद्र सांभाळते. रेषात्मक गीतात मात्र नेमका दुवा तुटतो. त्रैक्याला उद्देशून असलेल्या गीताचे तिसरे कडवे गाळले, की पवित्र आत्मा गाळला जातो. दुःखाचे कडवे गाळून थेट विजयाच्या कडव्यावर उडी घेतली, की आशा फुकटात मिळालेली वाटते. आणि अभंगात शेवटचे कडवे गाळले तर कवीची नाममुद्राच जाते. वेळेच्या सोयीखातर केलेली काटछाट अशा रीतीने ईश्वरविद्येतील विधान बनते, आणि ते कोणी जाणीवपूर्वक केलेलेही नसते.

चालीच्या बाबतीतही असेच आहे. मराठीत ‘अमुक पदाची चाल’ असे गीताच्या माथ्यावर लिहिण्याची रूढी जुनी आहे. चाल ही रिकामी पिशवी नसते. ती आपल्या पूर्वीच्या शब्दांची स्मृती घेऊन येते. भजनाची चाल घेतली तर नम्रता येते. लोकप्रिय गाण्याची चाल घेतली तर मूळ गाण्यातील प्रणय किंवा नखरा पाठीमागून डोकावतो. नवी संहिता आणि चालीत दडलेली जुनी संहिता यांच्यात एक मूक संवाद चालू असतो. आजच्या समीक्षेला परिचित असलेली आंतरसंहितेची संकल्पना येथे कागदावर नव्हे, कानात सिद्ध होते.

४

आता ‘मी’कडे येऊ. टिळकांच्या अभंगांत ‘दास’ ही नाममुद्रा येते. वारकरी परंपरेत ‘तुका म्हणे’ असे म्हणताना गाणारा तुकारामांचा आवाज उसना घेतो. टिळकांची मुद्रा याहून एक पाऊल पुढे जाते. ‘दास’ हे एकाच वेळी विशेषनामही आहे आणि सामान्यनामही. कवी स्वतःचे नाव अशा शब्दात विसर्जित करतो, की जो तो शब्द उच्चारील त्याचे ते नाव व्हावे. वैयक्तिक भावकवितेचे सामूहिक उपासनागीतात रूपांतर करण्याची ही अत्यंत कुशल युक्ती आहे.

तथापि येथे एक तीव्र प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्या मोठ्या प्रमाणावर महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. टिळक चित्पावन ब्राह्मण होते. ब्राह्मण कवीने स्वतःला दास म्हणवणे हा अहंकाराचा त्याग होय, त्यात उंचावरून खाली उतरण्याचे नाट्य आहे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दास्य लादले गेले, त्यांनी तोच शब्द गाणे ही वेगळी घटना आहे. तेथे त्यागण्यासाठी उंचीच नाही. एकच संहिता, एकच चाल, पण उच्चारकर्ता बदलताच उक्तीचा अर्थ बदलतो. मग हे अभंग अशा मंडळीसाठी निवडू नयेत काय?

उत्तर दिसते तितके सोपे नाही. दलित ईश्वरविद्येचे प्रवर्तक अरविंद निर्मळ यांनी १९८१मधील बेंगळुरूच्या आपल्या व्याख्यानापासून जो विचार मांडला, त्यात सेवक हा शब्द उलटवून घेण्याची दिशा आहे. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाकडे बोट दाखवून ते म्हणतात, की सेवकपण हा देवाचाच स्वभाव आहे. हलकी मानलेली कामे करणाऱ्यांशी देव स्वतःचे नाते सांगतो. या वाचनात ‘दास’ हा शब्द माणसाला खाली ढकलत नाही, देवाला माणसाच्या शेजारी आणून बसवतो. म्हणजे शब्द तोच ठेवूनही त्याचे मूल्य पालटता येते. परंतु हे पालटणे आपोआप होत नाही. ते सोबतच्या शास्त्रपाठावर, आधीच्या आणि नंतरच्या गीतावर, म्हणजेच निवडीच्या क्रमावर अवलंबून असते. ‘दास’चा अभंग राजवैभवाच्या गीतांमध्ये ठेवला तर तो दास्य पक्के करील. यशयाच्या सेवकगीताच्या पाठानंतर ठेवला तर तो दास्याचा न्याय मागेल. गीताचा अर्थ त्याच्या शेजाराने ठरतो, हे निवड करणाऱ्याने ओळखले पाहिजे.

मातृप्रतिमेचेही तसेच. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणून, गुरू म्हणून आळवतात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत हे संबोधन स्वाभाविक आहे. पाश्चात्त्य वळणाच्या उपासनेत ते धाडसाचे ठरते. चार्ल्स वेस्लीच्या गीतातील जवळीक जॉनला खटकली असेल, तर तीच भीती येथेही संभवते. मराठी मंडळ्यांनी ती बाळगली नाही आणि माउलीचे गीत निःशंक गायिले. संपादकीय सावधगिरीवर भाषेच्या संस्काराने मात केल्याचे हे मराठी उदाहरण.

५

खटकणाऱ्या शब्दाचे काय करावे? मार्ग तीन : गाळणे, बदलणे, किंवा ठेवून समजावणे.

गाळण्याचे ठळक उदाहरण बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या १८१९मधील मिशनगीताचे. पुढे कलकत्त्याचे बिशप झालेल्या हेबर यांनी या गीतात पूर्वेकडील लोकांची निसर्गसमृद्धी आणि त्यांची नैतिक हीनता यांचा विरोध रंगवला. १९२५मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोर बोलताना गांधीजींनी या गीतावर नेमके बोट ठेवले. विसाव्या शतकात अनेक संग्रहांनी ते वगळले. येथे वगळणेच योग्य होते, असे माझे मत आहे. ज्यांचा अपमान केला आहे त्यांच्याच वंशजांनी तो अपमान प्रथमपुरुषी गावा, ही अपेक्षा कोणतीही टीप किंवा प्रस्तावना सुसह्य करू शकत नाही.

बदलण्याचे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या २०१३च्या संग्रहासाठी ‘इन ख्राइस्ट अलोन’ हे २००१मधील लोकप्रिय गीत विचारात होते. वधस्तंभावर देवाच्या कोपाचे समाधान झाले असे सांगणाऱ्या ओळीऐवजी देवाच्या प्रीतीचा महिमा सांगणारा पाठ समितीला हवा होता. गीतकारांनी बदलास नकार दिला, आणि समितीने नऊ विरुद्ध सहा मतांनी गीतच वगळले. या प्रसंगात दोन्ही पक्षांची भूमिका समजण्यासारखी आहे. गीतकारांसाठी संहिता त्यांची आहे आणि तिचा अर्थ अखंड आहे. समितीसाठी संहिता गाणाऱ्यांची होणार आहे आणि तिच्या अर्थाची जबाबदारी समितीवर आहे. वेस्लीनेही १७८०च्या प्रस्तावनेत आपल्या गीतांना कोणी हात लावू नये असे बजावले होते, आणि स्वतः मात्र इतरांच्या गीतांना हात लावला होता. कर्तृत्वाची आधुनिक कल्पना आणि सामूहिक परंपरेची कल्पना यांचे भांडण येथे उघडे पडते. तुकारामांच्या गाथेतील पाठभेदांशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ते नवे वाटू नये. गायिली जाणारी संहिता गाणाऱ्यांच्या हाती थोडीफार बदलतेच. फरक आहे तो नकळत झालेला बदल आणि समितीने ठरावाने केलेला बदल यांच्यात. दुसऱ्या प्रकारचा बदल कारणांसह जाहीर व्हावा, एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि या समितीने ती पाळली.

६

आता मूळ तक्रारीकडे वळता येईल. मराठी वाङ्मयेतिहासात टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून स्थिर झाले आहेत. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘केवढे हे क्रौर्य’ यांची चर्चा होते. ‘अभंगांजली’चा उल्लेख होतो. लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्णत्वास नेलेल्या ‘ख्रिस्तायना’ची नोंद होते. परंतु ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात विखुरलेले आणि आजही गायिले जाणारे टिळक समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतात. उलट मंडळीत हे टिळक कमालीचे जिवंत आहेत. तेथे ते बहुधा एका क्रमांकाच्या रूपाने भेटतात, आणि अनेक गाणाऱ्यांना आपण गातो आहोत ते गीत ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या कवीचे आहे याची कल्पनाही नसते. दोन निवडसमित्यांनी एक कवी अर्धा अर्धा वाटून घेतला आहे.

याचे कारण धार्मिक दुराव्यापेक्षा सैद्धान्तिक अधिक आहे. कविता एकट्याने, मनात, कागदावरून वाचावयाची वस्तू आहे हे गृहीत धरूनच आपली निकषव्यवस्था उभी राहिली. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानून कला या संकल्पनेची घडणच द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. उपासनागीत या द्विध्रुवात्मकतेचे उत्तम उदाहरण ठरेल. ते निव्वळ लौकिक प्रयोजनाचे म्हणावे, तर त्यातील नाममुद्रेची, प्रदक्षिणात्मक रचनेची आणि छंदनिवडीची सूक्ष्मता अनुत्तरित राहते. निव्वळ स्वायत्त म्हणावे, तर ‘दास’ हा शब्द कोण उच्चारतो आहे हा त्याच्या अर्थाचा गाभाच हरवतो.

म्हणून अशा रचनांसाठी सामूहिक उच्चारक्षमता हा एक स्वतंत्र निकष मानावा, असे येथे सुचवावेसे वाटते. त्यात तीन प्रश्न येतात. ही संहिता अनेकांच्या मुखी एकाच वेळी सहज येते काय? तिच्यातील ‘मी’ भिन्न स्थितीतील माणसांना खोटे न बोलता धारण करता येतो काय? आणि वारंवार उच्चारल्यावर ती झिजते, की रुजते? हे प्रश्न केवळ ख्रिस्ती उपासनेपुरते नाहीत. वारकऱ्यांचे भजन, सत्यशोधकी जलशांतील पदे, आंबेडकरी गीते आणि शाळेतील प्रार्थना या साऱ्यांना ते लागू पडतात. या रचनांना ‘प्रचारगीत’ किंवा ‘उपयोजित’ म्हणून बाजूला सारणारी समीक्षा मराठी समाजाने मोठ्या आवाजात म्हटलेल्या कवितेला मुकते.

मंडळीतल्या निवडकर्त्यालाही यातून काही घेता येईल. १९७०मध्ये नागपूर येथे सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून तिच्या मराठी मंडळ्यांत भिन्न संस्कारांची माणसे एकाच पुस्तकातून गात आली आहेत. त्यांच्यासाठी गीत निवडणे म्हणजे सर्वांना आवडेल ते शोधणे नव्हे. आज कोणाच्या तोंडी कोणता ‘मी’ आपण देत आहोत आणि तो त्याला पेलवेल काय, हे आधी स्वतः मोठ्याने गाऊन पाहणे होय. पौलाने करिंथच्या मंडळीला आत्म्याने गाण्याबरोबर बुद्धीनेही गाण्याची आठवण करून दिली होती. बुद्धीने गाण्याची सुरुवात बुद्धीने निवडण्यापासून होते, आणि बुद्धीने निवडण्याच्या या कामाचेच दुसरे नाव समीक्षा आहे.